चार चाकांचा हिशेब

तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक तरी अशी गाडी असेलच. जमिनीला टेकते की काय इतकी खाली, टायर मडगार्डच्या आत शिरलेले. आणि स्पीडब्रेकर आला की मालक श्वास रोखून गाडी तिरकी घेतो, एकेक चाक असं हळुवार उतरवतो की जणू आत नवी नवरी बसलीय. मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा. पण त्याला काय त्याचं? गाडी ‘लो’ केलीय ना, बॉस!

आमच्या ग्रुपमध्येही असा एक आहे. ‘कॉईलओव्हर’ हा शब्द मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. म्हणजे काय, तर शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग असा एकत्र सेट. शॉकअपच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यावर एक रिंग असते आणि रिंगवर स्प्रिंग टेकलेली. रिंग खाली फिरवली की गाडी खाली, वर फिरवली की वर. चारही चाकांना वेगवेगळी सेटिंग. आणि मोजमाप? टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटं जातात ते बघायचं. चारची दोन झाली की पार्टी!

गाडीची उंची हवी तशी बदलायची ही हौस तशी जुनीच. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५५ साली ‘डीएस’ नावाची गाडी आणली. तिच्यात नेहमीच्या स्प्रिंगऐवजी तेल आणि गॅसचा खेळ होता. आत एक माणूस बसो की पाच, गाडी आपली उंची आपणच सांभाळायची. वर रस्ता खराब लागला तर उचलून घ्यायला ड्रायव्हरच्या हाताशी एक दांडाही होता. कॅलिफोर्नियात याच्या बरोबर उलटं. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांना गाड्या खाली हव्या होत्या. १९५८ पासून तिथे कायदा आला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. मग १९५९मध्ये रॉन अगीरे नावाच्या पठ्ठ्याने आपल्या गाडीत हायड्रॉलिक यंत्रणाच बसवली. मनात आलं की गाडी खाली, पोलीस दिसला की वर! ती बंदी उठली थेट २०२४च्या सुरुवातीला.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल गाडीत करायचे नाहीत, असं ते सांगतं. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते ठणकावून सांगितलं. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी आपले स्पीडब्रेकर आहेतच की! इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या नियमात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, असं सांगितलं होतं. आता तुमच्या गल्लीतला आठवा. असो.

तर, गाडीची उंची म्हणजे दोन बोटं की चार, एवढाच हा मामला नाही. ती नीट मोजतात कशी आणि मोजूनही काय लपून राहतं, हे मी बघितलं ते पुण्यात नाही. ते बघितलं केदारखेड्यात.

केदारखेडा हे माझ्या आईचं माहेर. जालना जिल्हा, भोकरदन तालुका. जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलात की राजूरचा गणपती लागतो, अंगारकीला जिथे पाय ठेवायला जागा नसते तोच. तिथून पुढे पूर्णा नदीच्या काठी आमचं गाव. तिथे माझा मामा राहतो, मामी राहते, आजी राहते. आणि राहते एक टवेरा.

ज्यांनी कॉल सेंटरच्या नाइट शिफ्ट केल्यात त्यांना टवेरा वेगळी सांगायला नको. आधी क्वालिस, मग टवेरा; पहाटे चार वाजता आपल्याला घरी सोडणाऱ्या त्या गाड्या. टवेरा २००४मध्ये आपल्याकडे आली आणि २०१७मध्ये कंपनीने भारतातली विक्रीच थांबवली. मामाची अजून धावते. कारण आजीची किडनी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी जालना. मधल्या सीटवर उशी, आजी, शेजारी मामी, पुढे मामा. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. दीड वर्षं हाच रिवाज.

गेल्या पावसाळ्यात मामा फोनवर म्हणाला, ‘‘गाडी ब्रेक मारला की उजवीकडं ओढती गं.’’ उजवीकडे म्हणजे कुठे, हे लक्षात घ्या. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिशेने. एकदा ओल्या रस्त्यावर राजूरच्या अलीकडे तेच झालं. थोडक्यात निभावलं. आजीला काही कळलं नाही, मामीचे मात्र हात दोन दिवस थरथरत होते.

याची पूर्वपीठिका अशी. त्याच्या काही महिने आधी गाडी उजव्या अंगाला कलायला लागली होती. मामाने ती शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी टेप लावला, खाली शिरून काहीतरी आवळलं, पुन्हा टेप लावला, आणि अर्ध्या तासात गाडी सरळ. मामा खूश. ब्रेक ओढायला लागला तो त्यानंतर. ब्रेकची पॅड बदलली, दोनदा अलाइनमेंट केलं, पुढचे टायर टाकले. खर्च झाला, फरक शून्य.

मी गेले तेव्हा गाडी गावातल्या मिस्त्रींकडे होती. रस्त्याकडेला लिंबाखाली पत्र्याचं शेड, एवढंच वर्कशॉप. मी म्हटलं, ‘‘गाडी तर सरळ दिसतेय.’’ मिस्त्री हसले. म्हणाले, ‘‘दिसती सरळच, ताई. म्हणून तर लई डोकं खाल्लं तिनं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या खळ्यावर गाडी घेतली, कारण तिथली जमीन सिमेंटची. पण सिमेंट म्हणजे सपाट नव्हे. मिस्त्रींनी शेजारच्या गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरलं, आतले बुडबुडे काढले, एक टोक एका चाकापाशी, दुसरं दुसऱ्यापाशी. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभं राहतं, तिथून जमिनीपर्यंत किती ते मोजायचं. बस्स! पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून खळ्याला उतार होताच, पण त्याची मिस्त्रींना चिंता नव्हती. ‘‘उतार चालतो. पीळ चालत नाही. चार चाकांच्या चार जागा एकाच पाटावर पाहिजेत.’’ डाव्या मागच्या चाकाची जागा बाकीच्या तिघांच्या हिशेबाने ९ मिलिमीटर खोल निघाली. तिथे प्लायवुडचा तुकडा टाकला.

मग चारही टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा. मग मिस्त्रींनी विचारलं, ‘‘गाडीत बसतं कोण?’’ मामा, आजी, मामी. म्हणून मामा ड्रायव्हरच्या सीटवर बसला. मधल्या सीटवर आजीच्या जागी युरियाची ४५ किलोची गोणी आणि मामीच्या जागी सोयाबीनचं ५० किलोचं पोतं. मामी ओट्यावरून म्हणाली, ‘‘घ्या, मला पोतं केलं!’’ पण मुद्दा बरोबर होता. रिकामी गाडी सरळ उभी राहून काय उपयोग? ती चालणार आहे माणसं घेऊन.

गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलली, चारही कोपरे दाबून सोडले, म्हणजे अडकलेला सांधा न् सांधा मोकळा झाला. आणि मग टेप. जमिनीपासून नाही बरं का! चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवाही त्यात येते. पुढे डावीकडे ४५२ मिलिमीटर, उजवीकडे ४५०. मागे डावीकडे ४७१, उजवीकडे ४६८. दोन-तीन मिलिमीटरचा फरक. कुठल्याही हिशेबाने गाडी सरळ! आमच्या त्या मित्राने तर पार्टीच दिली असती.

मिस्त्री खाली शिरले. मलाही बोलावलं. टवेराच्या पुढच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग नसते, टॉर्शन बार असतो. क्वालिसलाही तोच. म्हणजे चेसीच्या लांबीने आडवी पडलेली एक पोलादी सळई. तिचं पुढचं टोक चाकाच्या आर्मला जोडलेलं, मागचं टोक चेसीत एका बोल्टवर अडवलेलं. चाक वर आलं की सळई पिळली जाते आणि परत सुटायला बघते. ओली चादर पिळताना ती हाताला जशी उलटा जोर लावते, तसंच. बोल्ट आवळला की सळईला आधीच जास्त पीळ बसतो आणि गाडीचा तो कोपरा उचलला जातो. थोडक्यात काय, तर ज्या ॲडजस्टेबल सस्पेन्शनसाठी पुण्यातली पोरं पगार उडवतात, ते आमच्या मामाच्या गाडीत पहिल्या दिवसापासून होतं!

मिस्त्रींनी बॅटरी मारली. डाव्या बोल्टचे आटे थोडेसे बाहेर, उजव्या बोल्टचे त्याच्या दुप्पट. ‘‘हा एवढा कामून आवळला आसंल?’’

उत्तर मागे होतं. त्यांनी पुढच्या चाकांना दगड लावले, आणि मागचा अख्खा ॲक्सल मधोमध, डिफ्रन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावून जरासा उचलला. खाली कुणी नाही याची खात्री करून. आता मागचा ॲक्सल तराजूच्या दांडीसारखा एकाच टेकूवर. म्हणजे मागच्या कमानी गाडीला डावी-उजवी धरून ठेवू शकत नाहीत, पुढची बाजू मनाने काय करते ते दिसतं. आणि दिसलंच! गाडी डावीकडे झुकली. पुढचा उजवा कोपरा डाव्यापेक्षा जवळजवळ इंचभर वर.

मागच्या उजव्या कमानीतला एक पाटा तुटलेला होता. भेग गंजून काळी पडलेली, म्हणजे जुनी. मूळ दुखणं ते. मागचा उजवा कोपरा बसला, म्हणून गाडी कलली. त्या गॅरेजने तो कोपरा बघितलाच नाही, पुढचा उजवा आवळून गाडी सरळ केली. टेपला काय, टेप खूश!

पण वजनाचं काय? इथे चहाच्या टपरीवरचं डुगडुगणारं टेबल आठवा. चारपैकी एक पाय आखूड असला की टेबल समोरासमोरच्या दोन तिरक्या पायांवर उभं राहतं, बाकीचे दोन नावापुरते. गाडीचंही तेच. पुढचा उजवा उचलला की भार पुढच्या उजव्यावर वाढतोच, पण त्याच्याबरोबर तिरक्या कोपऱ्यातल्या मागच्या डाव्यावरही वाढतो. उरलेली दोन चाकं हलकी होतात. रेसिंगवाले याला ‘कॉर्नर वेट’ म्हणतात आणि चार चाकांखाली चार इलेक्ट्रॉनिक काटे ठेवून तो मोजतात.

आमच्याकडे चार काटे नव्हते, एक होता. रस्त्यावरच्या एका जिनिंगचा, कापसाच्या गाड्या तोलायचा, जमिनीच्या पातळीतला. मामा, युरिया आणि सोयाबीन अशी वरात तिथे गेली. एका वेळी एकच चाक काट्यावर. पुढचं उजवं ५१० किलो, पुढचं डावं ४१०. मागचं डावं ४९०, मागचं उजवं ३७०. एकूण १७८०. पुढच्या दोन चाकांत तब्बल १०० किलोचा फरक! कोरड्या रस्त्यावर हे खपून जातं. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की हलकं डावं चाक आधी घसरतं, जड उजवं रस्ता धरून ठेवतं, आणि गाडी उजवीकडे ओढली जाते. पॅड बदलून ते कसं जाणार?

मग जालन्याहून कमानी नीट करून आणल्या. दोन्ही बाजूंच्या, कारण एकच नवी केली की पुन्हा तीच रड. पुढची बाजू जॅकवर घेऊन, भार काढून, उजवा बोल्ट सैल केला. खाली घ्या, ढकला, दाबा, मोजा. पुन्हा जॅक. असं चारदा. मग परत काट्यावर. पुढे ४६० आणि ४६०. मागे डावं ४४०, उजवं ४२०. एकूण तेच १७८०. मी फोनवर बेरजा करत बसले आणि गंमत कळली. पुढच्या दोघांची बेरीज आधीही ९२०, नंतरही ९२०. उजव्या बाजूची आधीही ८८०, नंतरही ८८०. पुढे-मागे तेच, डावं-उजवं तेच. बदलले ते फक्त तिरके कोपरे. म्हणूनच ते कुणाला दिसलं नव्हतं.

संध्याकाळी मिस्त्रींनी बिलाच्या पाठीवर चार चौकोन काढून हे सगळं मामाला समजावलं. मामी चहा घेऊन आली होती, ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे वाकलेल्याला सरळ करायला दुसरीकडं आवळलं, की भार तिसऱ्याच कोपऱ्यात जाऊन बसतो, व्हय?’’ आणि आजीच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून आत गेली.

कुणीच काही बोललं नाही. कारण सहा महिन्यांपूर्वी आमच्या घरातही एक कोपरा बसला होता. मामाचं बीपी वाढलं, कंबर धरली. तेव्हा फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. आई, नाशिकची मावशी, सगळ्यांनी पैसे काढले. शेतीच्या कामाला गडी ठेवला, मामाला दुपारची झोप मिळायला लागली. मामा सरळ झाला. ग्रुपवर अंगठे आणि नमस्कार पडले. पण आजीला रात्री तीनदा उठवायचं कुणी? पाणी मोजून द्यायचं, पथ्याचं वेगळं रांधायचं, डायलिसिसच्या दिवशी पाच-सहा तास बाकड्यावर बसायचं, घरी येऊन पुन्हा भाकरी थापायच्या? ते कुठल्याच मेसेजमध्ये नव्हतं. मामी कधी वाकलेली दिसली नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर चर्चा होत नाही.

त्या रात्री मामाने स्वतः मावशीला फोन लावला. काय बोलला ते मी ऐकलं नाही, अंगणात फेऱ्या घालत बोलत होता. पण हिशेब नवा बसला. मावशी महिन्यातले दहा दिवस केदारखेड्यात. आईने मे महिना घेतला. महिन्यातल्या दोन शुक्रवारी जालन्याला आजीबरोबर मी. लॅपटॉप कुठेही उघडतो, हा फ्रीलान्सिंगचा एक तरी फायदा! वाद झाले नाहीत असं नाही. मावशीला तिच्या सुनेशी बोलावं लागलं, आईला शेजारणीच्या लग्नाला जाता आलं नाही. भार हलवला की कुठेतरी कुरकुर होतेच, कमान नवी असली तरी.

गाडीचं म्हणाल, तर उंची बदलली म्हणून अलाइनमेंट पुन्हा करावं लागलं, हेडलाइटचा झोतही पुन्हा लावावा लागला. हे दोन खर्च कॉईलओव्हरवाल्यांनीही लिहून ठेवावेत. आणि कायद्याची भीती नाही, कारण गाडी कंपनीच्या मापावर परत आणली, मापाबाहेर नेली नाही. नंतर पूर्णेच्या पुलापुढच्या मोकळ्या रस्त्यावर, पाऊस पडून गेलेला असताना, मामाने चाळीसच्या स्पीडला स्टिअरिंग अगदी हलकं धरून ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. मामाने पुन्हा एकदा दाबून बघितला. पुन्हा सरळ.

त्या मित्राला मी काट्याची पावती दाखवली. आधी हसला, मग गाडी घेऊन चार काटे असलेलं वर्कशॉप शोधायला लागला. बोटं मोजायचं काम सध्या बंद आहे.

मामी या दिवाळीनंतर चार दिवस माहेरी जाऊन आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिच्या मागे मंगळवारची फेरी मावशीने केली. आजी म्हणाली, ‘‘हिला उशी नीट लावता येत नाही.’’ मावशी म्हणाली, ‘‘शिकेन.’’